मूठमाती देणारा भाऊ

हेसू गेला त्याला आज एकोणसत्तर दिवस झाले. उद्या त्याला थडग्यात ठेवायचं आहे. प्रेतं टिकावीत म्हणून खारात वाळवणाऱ्यांनी काल निरोप धाडला, की आमचं काम झालं, घेऊन जा. त्याच्याबद्दल चार शब्द लिहून ठेवावेत असं पंचांचं म्हणणं पडलं, आणि गावात त्याला माझ्याइतकं ओळखणारा दुसरा कोणी उरलेला नाही, म्हणून हे काम माझ्या गळ्यात पडलं. मी इपुय, नेबरेचा मुलगा, राजांच्या थडग्यांचा थोरला चितारी. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. हेसू माझ्या डोळ्यांत आयुष्यभर सलला. वयाच्या सहाव्या वर्षापासून आज पंचावन्नाव्या वर्षापर्यंत. तेव्हा पुढे कुठे त्याची स्तुती आली तर ती खरी समजा, कारण माझ्या हातून ती सुखासुखी निघत नाही.

तो आमच्या घरात आला तेव्हा आठ वर्षांचा होता. त्याचा बाप दगडफोड्या. थडग्याचं छत कोसळलं आणि तो त्याखाली गाडला गेला. त्या संध्याकाळी माझे बाबा घरी आले ते या पोराचा हात धरूनच. आई वाढत होती. बाबा म्हणाले, "हा आता आपल्याकडेच राहील." आईने माझ्या पुढ्यातली भाकरी उचलली, मधोमध मोडली आणि अर्धी त्याच्या हातात दिली. टोपलीत दुसऱ्या भाकऱ्या होत्या. चांगल्या टोपलीभर होत्या. माझीच का मोडली, हे मी आईला ती मरेपर्यंत विचारलं नाही, पण विसरलोही नाही.

बाबा तेव्हा थोरले चितारी होते. आम्हा दोघांना ते दगडाच्या चपट्या कपच्यांवर शिकवायचे. आम्ही लाल शाईने काढायचं, त्यांनी काळ्या शाईने चूक सुधारायची. माझी कपची परत यायची ती काळीकुट्ट होऊन. हेसूच्या कपचीवर काळा ठिपकाही नसायचा. बदकाची मान तो एका दमात काढायचा, हात न उचलता, आणि काढून झाली की नाक खाजवायचा. ते नाक खाजवणंसुद्धा मला बघवायचं नाही.

माझं घोडं अडायचं ते लावा पक्ष्याच्या पिल्लापाशी. आमच्या चित्रांच्या लिखाणात हे पिल्लू ओळीओळीला येतं. खुद्द माझ्या नावात येतं. गोल अंग, बारीक चोच, दोन पाय. अंग जमायचं, चोच जमायची, पाय मात्र हटकून मागे वळायचे. बाबा कपची डोळ्यांजवळ धरून म्हणायचे, "इप्या, हे पिल्लू चालायला लागलं ना, तर मागच्या मागे घरट्यात जाईल रे." हेसू हसायचा नाही, मान खाली घालायचा. हसला असता तर मी त्याला निदान बदडलं असतं.

आता आमच्या गावचा एक कायदा सांगायला हवा, कारण सगळं त्याच्याभोवतीच फिरतं. मेलेल्यासाठी पेटी जो आणतो, त्याला थडग्यात जो ठेवतो, आणि पलीकडे त्याला खाता-बोलता यावं म्हणून सुताराचा वाकस ओठांना लावून त्याचं तोंड जो उघडतो, तो वारस. मग तो पोटचा असो की रस्त्यावरचा. घर, हत्यारं, कामावरची जागा, सगळं त्याचं. पोटच्या पोराने या कामात आळस केला तर तो पोटचा राहतो, वारस राहत नाही.

मी सव्वीस वर्षांचा असताना एका सकाळी बाबांनी कामावरच्या सगळ्या टोळीसमोर सांगितलं, "राजाचा चेहरा हेसू काढेल. इपुय केसांच्या रेघा ओढेल." केसांच्या रेघा! अंगाचा तिळपापड झाला. मी कुंचला तिथेच टाकला, बायकोला घेतलं आणि नाईलपलीकडे सासुरवाडीला निघून गेलो. पुढे बाबा आजारी पडले. निरोप आला, मी गेलो नाही. मला वाटलं, हेसूपुढे मान तुकवायला बोलावतायत. दुसरा निरोप आला, तिसरा आला. चौथा निरोप बाबा गेल्याचा होता.

तरी मला वाटलं, प्रेत वाळून थडग्यात जायला सत्तर दिवस लागतात, तेवढे हातात आहेत. रडण्यात आणि चिडण्यात त्यातले बरेच गेले. मग घाटावरच्या सुताराकडून मी तयार पेटी घेतली. तिच्यावर नावाची जागा मोकळी असते, घेणाऱ्याने ज्याचं त्याचं नाव घालायचं. उंबराचं लाकूड, पिवळा रंग, झकास. गाढवावर आडवी बांधून अडुसष्टाव्या दिवशी मी ती वेशीतून आत आणली, तेव्हा माझी छाती पुढे होती.

हेसूने पेटी कधीच करवली होती. रंगवली त्याने स्वतः. झाकणावर बाबांचा चेहरा असा काढला होता की आता हाक मारतील असं वाटलं. पंचांनी माझी पेटी तिच्या शेजारी ठेवायला लावली. ती दोन विती आखूड भरली. बाबा उंच होते, हे मी विसरलो होतो.

पंचांतला एक म्हातारा म्हणाला, "अरे लेकरा, पेटी घ्यायच्या आधी बाप तरी मापायचास!" लोक हसले. प्रेतापुढे हसले. हेसू तेवढा हसला नाही. तो वाकस घेऊन माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "तोंड तू उघड. तू सख्खा आहेस."

सगळ्या गावासमोर! मला ती भीक वाटली.

"तूच उघड," मी म्हणालो. "सगळं तूच केलंस, एवढं तरी कशाला सोडतोस?"

तो वळला आणि त्याने बाबांचं तोंड उघडलं. घर त्याला गेलं. थोरल्या चिताऱ्याची जागा त्याला गेली. बाबांचा बोरूचा कुंचला, ज्याच्या दांड्यावर त्यांच्या अंगठ्याचा खळगा पडला होता, तोही त्याला गेला. माझी आखूड पेटी मी वेशीजवळच्या माझ्या दोन खोल्यांत नेली आणि हेनुतने, माझ्या बायकोने, तिच्यात कांदे भरले.

सात वर्षं मी हेसूच्या हाताखाली केसांच्या रेघा ओढल्या. तो मला कधी टाकून बोलला नाही, याचाही मला राग यायचा.

मग राजा गेला. "ससाणा आकाशात उडाला" असं ओरडत शिपाई वेशीपर्यंत आला आणि गावात आनंदीआनंद झाला. परक्याला हे विचित्र वाटेल, पण आमचं पोट त्यावर आहे. जुन्याचं थडगं पुरं करायचं, नव्याचं खोदायला घ्यायचं, वर मांस आणि तेल बक्षीस. बायकांनी लगेच बियर गाळायला घेतली. तेवढ्यात कोणीतरी विचारलं, "पण नवा कोण?" शिपायाने कानावर हात ठेवले.

नवे दोन होते. एक राजाचा मुलगा, नऊ वर्षांचा, धाकट्या राणीचा, उत्तरेकडच्या वाड्यात वाढलेला. दुसरा दक्षिणेचा सुभेदार, थोरल्या राणीचा भाऊ, ज्याच्या हातात सोन्याच्या खाणी होत्या आणि सैन्यही. तो सांगत सुटला होता की राजाने शेवटच्या घटकेला मला मुलगा म्हटलं. ऐकायला तिथे दुसरं कोणी नव्हतं. जुना राजा पुरला जाईपर्यंत, म्हणजे सत्तर दिवस, दोघांपैकी कोणीच फॅरोच्या गादीवर बसू शकत नव्हता, आणि ते सत्तर दिवस आम्ही भांडून काढले.

डोंगरमाथ्यावर आमच्या झोपड्या आहेत, कामाच्या दिवसांत आम्ही तिथेच राहतो. तिथे भाकरी खाताना मी एकदा म्हणालो, "रक्त ते रक्त. बापाची गादी पोराची. त्यात विचारायचं काय?"

हेसू कांदा सोलत होता. "जो येऊन पुरेल तो राजा," तो म्हणाला. "आपल्याकडे चालतं तेच तिकडे."

टोळीतले चार जण माझ्याकडे बघून गालात हसले. हेसूच्या मनात काही नव्हतं, हे मला आज कळतं. तेव्हा मला ते तोंडात मारल्यासारखं झालं.

"म्हणजे उपऱ्याने गादी बळकवली तरी चालेल?" मी विचारलं.

"इपुय, मी राजांबद्दल बोलतोय."

"मीही राजांबद्दलच बोलतोय!"

मुकादम पाशेदू मध्ये पडले. "गप्प बसा रे दोघं. तुम्हाला भांडायला बाप मेलेला पुरेना, आता राजा घेतला होय?"

पाशेदूंना खरी काळजी होती ती मागच्या भिंतीची. त्या भिंतीवर एकच चित्र असतं: बिबट्याचं कातडं पांघरलेला नवा राजा जुन्याच्या तोंडाला वाकस लावतोय. डोक्याच्या वर रेघेचं लांबट कडं आणि त्या कड्यात त्याचं नाव. हे चित्र म्हणजे त्याच्या वारसाहक्काचा कागद. ते अर्धवट ठेवून थडगं बंद करता येत नाही, आणि ज्याचं नाव घालायचं तोच ठरत नव्हता.

हेसूने त्यातून वाट काढली. चित्र पुरं केलं. राजा पोर असला तरी भिंतीवर तो भरल्या अंगाचाच काढतात, त्यामुळे अंगाचा प्रश्न नव्हता. चेहरा त्याने असा काढला की पोराचाही वाटावा आणि सुभेदाराचाही. फक्त कडं मोकळं ठेवलं.

"रिकामं कडं बरं दिसत नाही," पाशेदू म्हणाले. "अपशकुनासारखं वाटतं."

"मुकादम, रिकाम्या कड्यासाठी कोणाचं डोकं उडत नाही," हेसू म्हणाला. "ज्या दिवशी जो दारात येईल, त्याचं नाव मी उभ्या उभ्या घालीन. चार पक्षी आणि एक सूर्य. किती वेळ लागतो?"

त्याला नव्हताच लागत वेळ.

सदुसष्टाव्या दिवशी पाणी घेऊन येणारे गाढववाले बातमी घेऊन आले, की उत्तरेची नाव घाटाला लागली, पोर आलं, मुंडण केलेले पुजारी बरोबर आहेत. टोळी भाकरी खायला वर गेली. हेसूही गेला. मी खालीच थांबलो, दिव्याची वात नीट करायच्या निमित्ताने.

त्या भिंतीसमोर मी किती वेळ उभा होतो, सांगता येत नाही. मला फक्त ते मोकळं कडं दिसत होतं, आणि खाली हेसूच्या रंगाच्या पाटीवर पडलेला बाबांचा कुंचला. मनात दोन गोष्टी होत्या. एक, की पोर आलंच आहे, तर उद्या सगळे म्हणतील, इपुयला कळलं होतं, हेसू कचरत बसला. ही हलकट गोष्ट. दुसरी तिच्याहून खोल होती. निदान एका भिंतीवर, निदान एकदा, माझ्या हाताने मला पोटच्या पोराचं नाव वारसाच्या जागी लिहायचं होतं. मी कुंचला उचलला. अंगठा बरोबर खळग्यात बसला. काळ्या शाईत बुडवून मी पोराचं नाव लिहिलं. आमच्या कामात लाल रेघ म्हणजे विचार आणि काळी रेघ म्हणजे शब्द दिला. काळी बदलायची तर भिंत खरवडावी लागते. त्या नावात लाव्याचं पिल्लू दोनदा येत होतं.

वात नीट करून मी वर गेलो आणि दोन भाकऱ्या खाल्ल्या.

नावेतून पोर आलंच नव्हतं. आले होते ते फक्त पुजारी, राजाच्या प्रेतासाठी. पोर कुठे गेलं ते आजतागायत कोणी सांगितलेलं नाही. आला तो सुभेदार, भाकरी आमच्या घशाखाली उतरते न उतरते तोच, भालाइतांना घेऊन, आपलं चित्र बघायला. सगळी टोळी त्याच्यामागून खाली उतरली. आम्ही जमिनीला नाकं लावली. तो दिवा घेऊन भिंतीजवळ गेला, बराच वेळ वाचत राहिला आणि मग अगदी हळू आवाजात म्हणाला, "माझ्या जागी हे पोर कोण उभं आहे?"

पाशेदूंनी वर बघितलं आणि त्यांचा चेहरा राखेसारखा झाला.

"कोणी लिहिलं हे?"

मला बोलायचं होतं की नाही, हे मी स्वतःला हजारदा विचारलं आहे. मी नाक जमिनीवरून उचललं नाही एवढं खरं. हेसू उठला. भिंतीजवळ गेला. त्या दोन पिल्लांच्या पायांकडे त्याने बघितलं, मग वळून माझ्याकडे बघितलं. नाक खाजवलं.

"मी लिहिलं, सरकार," तो म्हणाला.

"कोणाच्या सांगण्यावरून?"

"कोणाच्याच नाही. गाढववाल्यांनी बातमी आणली, मी घाई केली."

शंभर काठ्या, आणि पुन्हा भिंतीवर रेघ ओढायची नाही. मारणाऱ्याने शेवटी त्याचा उजवा हात दगडावर ठेवला आणि बोटं मोडली. तो आवाज मी ऐकला. सुभेदाराने विचारलं, "दुसरा चितारी कोण आहे तुमच्याकडे?"

पाशेदू म्हणाले, "हा इपुय, सरकार. थोरल्या नेबरेचा सख्खा मुलगा."

सख्खा. हा शब्द गावाने मोठ्याने म्हणावा म्हणून मी सात वर्षं वाट बघितली होती. तो आला तो असा. मी भिंत खरवडली, त्यावर चुना फिरवला आणि बाबांच्या कुंचल्याने सुभेदाराचं नाव घातलं. तिसऱ्या दिवशी त्याने जुन्या राजाचं तोंड उघडलं आणि तो राजा झाला. मी थोरला चितारी झालो.

आता कोणालाही वाटेल, की इथे माझं समाधान झालं असेल, किंवा निदान लाज वाटली असेल. लाज वाटली. पण तिच्याखाली जे होतं ते सांगतो, कारण ते लपवलं तर हे लिहिण्यात अर्थ नाही. मला त्या "मी"चा हेवा वाटला. ते "मी" माझं होतं. आयुष्यात एकदा मी असं काही केलं होतं जे हेसूने केलेलं नव्हतं, आणि तेही त्याने उचलून नेलं. बाप नेला, मूठमाती नेली, माझा गुन्हासुद्धा नेला, आणि माझ्या हातात कुंचला ठेवून गेला.

हेनुतला मी त्याच दिवशी सगळं सांगितलं. ती कणीक मळत होती. "अहो, मिळालं ना सगळं?" ती म्हणाली. "मग पोट कशाने दुखतंय अजून?"

हेसू गावातच राहिला. घर बाबांना पुरून मिळालेलं, ते कोणी काढून घेऊ शकत नव्हतं. तो चुना कालवायच्या कामाला लागला. म्हणजे बावीस वर्षं तो रोज माझ्यापुढे भिंत गुळगुळीत करून द्यायचा आणि मी तिच्यावर काढायचो. माझी रेघ चुकली तरी बोलायचा नाही. मागे उभा राहून नाक खाजवायचा. मला न बघता कळायचं. त्याची बायको बाळंतपणात गेली, मूलही गेलं, पुन्हा लग्न त्याने केलं नाही. माझी चार मुलं सारखी त्याच्याच ओट्यावर पडलेली असायची. घरी येऊन सांगायची, हेसूकाकांनी डाव्या हाताने माकड काढून दाखवलं. मी म्हणायचो, जेवा गप.

सुभेदार पाच वर्षं राज्य करून मेला. त्याच्यानंतर आलेल्याने देवळांच्या भिंतींवरून त्याचं नाव खरवडायला लावलं. ते काम माझ्याकडे आलं. नंतरच्याने आधीच्याचं खरवडायला लावलं, तेही माझ्याकडेच आलं. दर वेळी चुना हेसू आणायचा.

आम्ही त्या दिवसाबद्दल फक्त एकदा बोललो. दरीतल्या सणाचा दिवस होता, सगळे आपापल्या मेलेल्यांच्या थडग्यांपाशी बसून जेवतात तो. आम्ही बाबांच्या थडग्याच्या ओट्यावर होतो. मला बियर चढली होती.

"का म्हणालास 'मी'?" मी विचारलं.

त्याने बराच वेळ बदकाचा पाय चोखला. "इप्या," तो म्हणाला, "त्या पिल्लांचे पाय बघितलेस का? असले पाय मी काढले असं उत्तर-दक्षिण दोन्ही देशांच्या राजाला तोंडावर सांगायला मला किती लाज वाटली असेल, याचा जरा तरी विचार कर."

मी हसलो. मला हसू आवरेना, डोळ्यांतून पाणी आलं. मग घरी गेलो आणि तीन दिवस त्याच्याशी बोललो नाही. कारण इतकं चांगलं उत्तर मला जन्मात सुचलं नसतं.

अलीकडची दहा-बारा वर्षं सुटीच्या दिवशी तो उतारावरच्या आपल्या थडग्यात जाऊन बसायचा. लहानशी खोली, दगडफोड्या बापाकडून आलेली. आत तो काहीतरी काढत होता, पण कोणाला येऊ द्यायचा नाही. गावात चर्चा व्हायचीच. पोरबाळ नाही, मग वारस म्हणून कोणाला काढलं असेल? घर चांगलं आहे. कोणी म्हणायचं शेजारच्या विधवेचा मुलगा, कोणी म्हणायचं चुन्याच्या कामावरचा जोडीदार. मी म्हणायचो मला काय करायचंय. आणि ज्याचं नावही माहीत नाही अशा माणसाचा मी दहा वर्षं हेवा करत राहिलो.

तो गेला तो अगदी साधेपणाने, दुपारी ओट्यावर बसल्या बसल्या. पंचांनी विचारलं, "पेटी कोण आणतंय?" विधवेचा मुलगा उठला नाही. जोडीदार उठला नाही. दोघंही माझ्याकडे बघत होते. माझा थोरला मुलगा माझ्या कानाशी लागला, "बाबा, आपण आणू. आजोबांचं घर परत येईल." मी घरी आलो. अंगणात कांद्यांचा ढीग पडला होता. हेनुतने मला न विचारता पेटी रिकामी करून, धुऊन उन्हात ठेवली होती.

"तो बुटका आहे," ती म्हणाली. "त्याला बरोबर होईल."

बरोबर झाली. एकोणतीस वर्षं मोकळ्या ठेवलेल्या जागेवर मी हेसूचं नाव घातलं. कांद्याचा वास मात्र गेला नाही.

पंचांनी त्याच्या थडग्याची किल्ली माझ्या हातात देऊन बरेच दिवस झाले होते. मी आज सकाळी गेलो. उद्याचा दिवस आला नसता तर आजही गेलो नसतो. दार उघडलं आणि दिवा मागच्या भिंतीवर धरला.

हेसू पेटीत उभा, जसे मेलेले काढतात तसा. त्याच्यापुढे बिबट्याचं कातडं पांघरलेला माणूस वाकस उचलून. त्या माणसाला टक्कल. डावा खांदा वर चढलेला, तीस वर्षं बुटक्या छताखाली काम केल्यावर चढतो तसा. मोठे कान. सुटलेलं पोट, बुटक्या माणसाने उंच भावाचं काढावं तेवढंच, थोडंही कमी न केलेलं. रंगावर धूळ होती. हे कालचं काम नव्हतं, वर्षांपूर्वीचं होतं. वरच्या ओळीत लिहिलं होतं: याचं नाव जगवणारा, याचा भाऊ. आणि पुढे मोकळी जागा.

नाव त्याने घातलं नव्हतं. जो येईल त्याने घालावं म्हणून सोडलं होतं. चेहरा मात्र माझा काढून ठेवला होता.

मी खाली बसलो आणि रडलो. आणि रडता रडता, देव साक्षी आहे, मला पुन्हा हेवा वाटला. रेघ डाव्या हाताची होती, कुठे कुठे कापलेली होती, तरी माझ्या उजव्यापेक्षा सरस होती. आणि मला त्या भिंतीवरच्या माणसाचाही हेवा वाटला. दिसायला तो माझ्यासारखाच होता, पण वाकस त्याने आधीच उचलला होता. तो आपल्या भावाचं तोंड उघडायला वेळेवर आला होता.

मग उठलो. बाबांचा कुंचला काढला, लाल शाई बाजूला ठेवली आणि काळ्या शाईने एकदम नाव घातलं. इपुय. त्यात लाव्याचं पिल्लू आहेच. मी खूप जपून काढलं, श्वास धरून काढलं, पण पाय मागेच वळले. खरवडून वर फिरवायला चुना हाताशी होता. मी खरवडलं नाही. कोणी कधी ते थडगं उघडून बघितलं, तर हेसूला कोणी पुरलं ते त्याला त्या पायांवरून कळेल, आणि सोबत हे लिहिलेलं वाचलं, तर त्या खरवडलेल्या भिंतीवर पोराचं नाव कोणी लिहिलं होतं तेही.

उद्या मी त्याच्या ओठांना वाकस लावीन आणि त्याचं तोंड उघडेल. त्यानंतर तो पहिल्यांदा काय बोलेल, ते मला माहीत आहे. तो पायांबद्दलच बोलेल.